बारा इंच आणि बारा सेंटिमीटर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात २६ जानेवारी २०२६ रोजी युवक विभागात झालेले भाषण. वक्ती बी विंगमध्ये राहते आणि अकरावी विज्ञान शाखेत शिकते. भाषण जसे झाले तसेच छापत आहोत. – संपादक मंडळ)

व्यासपीठावरचे अध्यक्ष काका, सेक्रेटरी काका, खजिनदार काकू, समोर बसलेले सगळे आजी-आजोबा, काका-काकू, आणि मागच्या रांगेतून "लवकर आटप, जेवण थंड होतंय" अशा खुणा करणारे माझे मित्र-मैत्रिणी, सगळ्यांना नमस्कार.

सांस्कृतिक समितीने मला आधी विषय दिला होता, 'मोबाईल : शाप की वरदान'. या विषयावर मी चौथीत, सहावीत आणि आठवीत बोलले आहे. तिन्ही वेळा शेवट एकच झाला, की मोबाईल हे दुधारी शस्त्र आहे. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांचा व्हिडिओ मोबाईलवर काढला. म्हणून मी समितीला विनंती केली, की मला विज्ञानाच्या आणि विमानांच्या बातम्यांवर बोलू द्या. मला त्या बातम्यांचं वेड आहे. घरी पेपर आला की बाबा राजकारण घेतात, आई कोडं घेते आणि आतल्या पानावरची विमानाची चार ओळींची बातमी माझ्या वाट्याला येते. समिती म्हणाली, बोल, पण विनोदी बोल. मी हो म्हटलं. भाषणाचा शेवटचा भाग विनोदी नाही, हे तेव्हा सांगितलं नव्हतं, ते आता सांगते.

सुरुवात घरच्या बातमीपासून करते. आपली सोसायटी २००१ साली नोंदवली गेली. आजोबांनी इथे फ्लॅट बुक केला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'नियोजित विमानतळापासून फक्त पंधरा मिनिटे'. ते पत्रक आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. पत्रक काही खोटं नव्हतं. पंधरा मिनिटांच्या आधी पंचवीस वर्षं थांबायचंय, एवढंच छापायचं राहून गेलं.

मी जन्मले तेव्हा विमानतळ 'पुढच्या वर्षी' येणार होता. मी बालवाडीत गेले तेव्हाही पुढच्याच वर्षी येणार होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हा मी तिसरीत होते आणि वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं, की चौथीची सहल विमानाने जाणार. चौथीची सहल लाल डब्यातून गेली. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावांतल्या लोकांना घरं सोडावी लागली. आपण वाट पाहिली एवढंच, त्यांनी गाव दिलं, हे विसरून चालणार नाही. शेवटी ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं उतरली.

त्या दिवशी सकाळी आपण सगळे गच्चीवर होतो. पंचवीस वर्षांत वार्षिक सर्वसाधारण सभेला कधी एवढी हजेरी लागली नव्हती. सभेला कोरम नसतो, मग अर्धा तास तहकूब करून तेवढ्याच माणसांत ती पुन्हा भरते. गच्चीवर मात्र कोरम सातच्या आधीच पूर्ण! एका काकांनी दुर्बीण आणली होती, एका काकूंनी पोहे आणले होते. पहिल्या विमानाला अग्निशमनाच्या बंबांनी पाण्याच्या कमानीची सलामी दिली, ती आपण मोबाईलवर बघितली. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "असली सलामी आपली टाकी दर महिन्याला देते!" सगळे हसले. मी हसले नाही. का, ते शेवटी सांगते.

सोसायटीच्या ग्रुपवर २५ डिसेंबरला संदेश आला, 'अभिमानाचा क्षण, आमचे स्वप्न साकार'. त्याच क्रमांकावरून २९ डिसेंबरला संदेश आला, 'विमानांच्या आवाजाने दुपारची झोप होत नाही, मेंटेनन्समध्ये काही सूट मिळेल का?'

आता बाहेरच्या बातम्यांकडे वळते.

५ जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे दोघे अंतराळ स्थानकाकडे निघाले. बेत साधारण आठ दिवसांचा होता. राहिले २८६ दिवस. ही बातमी ऐकून आई म्हणाली, "यात नवल काय? आपल्याकडे बारशाला आलेली माणसं दिवाळी करून जातात." पण कारण वेगळं होतं. ज्या यानातून ते गेले त्यातून हेलियम गळत होता आणि यानाला दिशा देणारे काही छोटे थ्रस्टर ऐनवेळी बंद पडले होते. सप्टेंबरमध्ये ते यान रिकामंच परत आणलं. म्हणजे गाडी गेली आणि माणसं स्टँडवर! पुढे मार्च २०२५ मध्ये दोघे दुसऱ्या यानातून सुखरूप उतरले. रिकामं यानही नीट उतरलं होतं. म्हणजे दोघं त्यात असते तरी कदाचित काही झालं नसतं. तरीही नासाने जगासमोर सांगितलं, की आम्हाला पुरेशी खात्री नाही, म्हणून आम्ही यात माणसं बसवणार नाही. मला ही त्या सगळ्या बातमीतली सगळ्यात भारी गोष्ट वाटली. कारण मी लहानपणापासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि आमच्या क्लासचे सर, या तिघांकडून एकच वाक्य ऐकत आले आहे, "काही होत नाही हो!"

दुसरी बातमी ५ जानेवारी २०२४ ची. अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेलं अलास्का एअरलाइन्सचं बोईंग ७३७ मॅक्स ९ विमान १६ हजार फुटांवर असताना त्याच्या बाजूचा एक भाग निखळून पडला. दाराच्या जागी बसवलेलं झाकणच म्हणा ना. सुदैवाने त्याला लागून असलेल्या सीटवर कोणी नव्हतं आणि सगळे वाचले. त्या भोकातून एक मोबाईल बाहेर उडाला. तो पुढे रस्त्याकडेला सापडला, चालू होता, अर्धी बॅटरी शिल्लक होती. १६ हजार फूट! माझा मोबाईल कॉटवरून खाली पडला तर काच बदलायला तीन हजार रुपये लागले. कॉटची उंची दीड फूट. यावरून मी नियम काढलाय, की मोबाईल पाडायचाच तर उंचावरून पाडावा.

पण तपासात काय निघालं ते ऐका. ते झाकण जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. कारखान्यात दुसऱ्या एका दुरुस्तीसाठी ते झाकण उघडलं होतं, परत लावलं, बोल्ट राहिले. आणि उघडल्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. नोंद नाही म्हणजे तपासणीही नाही. आपल्याकडे याला म्हणतात, "अरे, ते तेव्हाच बोललो होतो ना!"

तिसरी बातमी १९ जुलै २०२४ ची. त्या दिवशी जगभरात सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं संरक्षण करणारं सॉफ्टवेअर होतं, त्याची एक सुधारणा रातोरात सगळीकडे गेली आणि संगणक सुरूच होईनात. विमानतळ ठप्प. आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने नंतर स्वतःच कारण जाहीर केलं. प्रोग्रॅमला एके ठिकाणी माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, आले २०. एकविसावा शोधायला गेला आणि कोसळला. मला हे वाचून फार बरं वाटलं. कारण आपल्या सोसायटीच्या पार्किंगच्या फॉर्ममध्येसुद्धा एक रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो, पण निदान अख्खं जग तरी बंद पडत नाही. आपल्या गेटवरचं पाहुण्यांचं अ‍ॅप बंद पडलं की वॉचमन मामा शांतपणे टेबलाच्या खणातून जुनी वही काढतात, पेन झटकतात आणि विचारतात, "कोणाकडे?" ती वही कधी निळी पडत नाही. कव्हर निळं आहे, तेवढंच.

आता माझी सगळ्यात आवडती विमानकथा. ती कॅनडातली आहे. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोईंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान नवंकोरं होतं, पण इंधनाचा काटा बंद होता. म्हणून टाकीत किती इंधन आहे ते दांडीने मोजून, हिशेब करून ठरवलं. आपण बाइकच्या टाकीत डोकावतो तसं, फक्त जरा मोठ्या प्रमाणावर. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. त्या काळात कॅनडात पौंड सोडून किलो आणण्याचा बदल चालू होता. लिटरचं वजनात रूपांतर करताना किलोचा आकडा, म्हणजे साधारण ०.८, वापरायच्या ऐवजी सवयीने पौंडाचा १.७७ वापरला गेला. उत्तर आलं २२,३००. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ते पौंड होते! म्हणजे टाकीत निम्म्याहूनही कमी इंधन.

४१ हजार फुटांवर एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. एवढं मोठं विमान इंजिनाशिवाय, नुसतं तरंगत. कॅप्टनला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायचा छंद होता म्हणून वाचले. त्यांनी ते गिमली नावाच्या गावातल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. त्या दिवशी तिथे मोटारींच्या शर्यतींचा कार्यक्रम होता, माणसं आली होती. विमान नाकावर घासत गेलं आणि थांबलं. ६९ च्या ६९ माणसं वाचली. दुरुस्त होऊन ते विमान २००८ पर्यंत उडत होतं.

ही गोष्ट मी आजोबांना वाचून दाखवली तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. केवढी शिकलेली माणसं आणि किलो-पौंडात फसली! नासाचंही १९९९ मध्ये असंच झालं होतं. मंगळाकडे निघालेलं यान, एका गटाचे आकडे पौंडातले, दुसऱ्याने ते न्यूटनमधले समजून वापरले, यान गेलं. मी आजोबांना म्हटलं, "मार्क कापले पाहिजेत. युनिट लिहिलं नाही की आमच्या फिजिक्सच्या मॅडम अर्धा मार्क कापतात."

हे मी एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं. आता मे २०२५ मध्ये काय झालं ते सांगते.

मे महिन्यात आपल्याकडे पाणी रात्री येतं, हे तुम्हाला माहीत आहे. रात्री अडीच-तीनला वॉचमन मामा पंप लावतात आणि मग टाकी भरली का ते बघायला लिफ्टने पाचव्या मजल्यावर, तिथून गच्चीवर आणि पुढे लोखंडी शिडीने टाकीवर चढतात. हातात टॉर्च. मामांचं वय साठच्या पुढे. परीक्षेच्या वेळी मी रात्री जागायचे तेव्हा तो टॉर्च हलताना मला दिसायचा. मला वाटलं, आपण विज्ञान शिकतोय ते कशासाठी?

मी एक यंत्र बनवलं. आर्डुइनोचा छोटा बोर्ड आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर. वटवाघूळ जसं आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतं, तसा तो सेन्सर टाकीच्या झाकणाखालून आवाज सोडतो आणि पाणी किती खाली आहे ते सांगतो. पाणी ठरलेल्या अंतरावर आलं, की खाली मामांच्या केबिनमध्ये बझर वाजणार. मी प्लंबर काकांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "झाकणापासून बारावर पाणी आलं की पंप बंद करायचा. ओव्हरफ्लोचा पाइप आठवर आहे." मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं, १२. घरी बादलीत चाचणी घेतली, बाराला बरोबर बझर वाजला. मग दुपारी सगळे झोपले असताना मी यंत्र बसवलं, डक्टमधून वायर खाली सोडली आणि मामांना सांगितलं, "मामा, आता रात्री शिडी चढायची नाही. बझर वाजला की पंप बंद करा. तोपर्यंत निवांत बसा."

सोसायटी समितीला मी विचारलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं.

प्लंबर काकांचे बारा म्हणजे इंच. सगळे प्लंबर इंचात बोलतात. माझ्या प्रोग्रॅमचे बारा म्हणजे सेंटिमीटर. ओव्हरफ्लोचा पाइप आठ इंचांवर, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटरवर. पाणी वीसवर आलं की पाइपातून वाहून जाणार. बारावर ते कधी पोचणारच नाही. बझर जन्मात वाजला नसता.

पहिल्याच रात्री पंप तीनपासून सकाळपर्यंत चालू राहिला. खालची टाकी रिकामी झाली. पाणी गच्चीवर साचलं, कारण गच्चीचं पाणी जायचं तोंड पानांनी बुजलेलं होतं. तिथून ते लिफ्टच्या मशीनरूममध्ये शिरलं. लिफ्ट नऊ दिवस बंद. दुसऱ्या दिवशी टँकर मागवावा लागला. पाचव्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांना दवाखान्यात न्यायला चार जणांनी खुर्ची उचलली. त्या चारांत माझे बाबा होते. आणि बाबांना काही माहीत नव्हतं.

सकाळी आरडाओरडा ऐकून मी आधी गच्चीवर पळाले आणि यंत्र काढून आणून माझ्या कॉटखाली लपवलं. मी सगळ्यात आधी काय केलं तर हे केलं.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. सात-आठ मिनिटांत निर्णय झाला, की वॉचमन झोपला. अर्ध्या महिन्याचा पगार कापायचा आणि पुन्हा असं झालं तर माणूस बदलायचा. मी बाबांच्या मागे उभी होते. मामा समोर उभे होते. मला वाटलं, आता मामा माझं नाव सांगणार. माझे पाय थरथरत होते. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "चुकलं साहेब. डोळा लागला."

नंतर मी त्यांना केबिनमध्ये गाठलं आणि विचारलं, की का नाही सांगितलं? ते म्हणाले, "ताई, तुम्ही शिकताय. मला काय, बोलणी खायची सवय आहे."

त्यानंतर आठ महिने मी रोज त्या गेटमधून जाते आणि ते मला रोज म्हणतात, "आली का ताई कॉलेजातून?"

जूनमध्ये, १२ तारखेला, अहमदाबादला विमान पडलं. विमानातल्या २४२ पैकी एकच माणूस वाचला, आणि जमिनीवर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात, काही कारण नसताना माणसं गेली. त्याच्यावर मी विनोद करणार नाही. पण त्या दिवशी आपल्या ग्रुपवर तासाभरात कारण ठरलं होतं. दुसऱ्या तासात वेगळं कारण ठरलं होतं. एकाने लिहिलं, 'ज्याची चूक असेल त्याला आधी आत टाका'. म्हणून मी शोधलं, की विमानाचा तपास नक्की करतात कसा. तेव्हा कळलं, की त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं तेरावं परिशिष्ट अपघातांच्या तपासाविषयी आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की तपासाचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाचा हे ठरवणं हा नाही. गुन्हा असेल तर त्यासाठी कोर्ट आहे, ते वेगळं. अमेरिकेत तर १९७६ पासून नासा एक व्यवस्था चालवते. पायलट आपली चूक आपणच लिहून पाठवतात, नाव गुप्त राहतं आणि त्या चुका बाकीच्यांना वाचायला मिळतात.

आपल्या चांद्रयानाचंही तसंच. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्रावर आदळला. त्यानंतर इस्रोने काय काय बिघडू शकतं याचा विचार करून पुढचं यान बनवलं. उतरायला आधी अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटरची जागा ठरवली होती, ती वाढवून सुमारे चार बाय अडीच किलोमीटर केली, पाय जास्त मजबूत केले. २३ ऑगस्ट २०२३ ला आपण क्लब हाऊसमध्ये पेढे वाटले, ते त्या आधीच्या चुकांच्या यादीचे पेढे होते.

मग मी आपल्या टाकीची यादी केली. एक, मी इंच-सेंटिमीटर विचारलं नाही. दोन, चाचणी बादलीत घेतली, टाकीत नाही. तीन, ज्यांची टाकी त्यांना विचारलं नाही. चार, गच्चीचं तोंड बुजलेलं होतं आणि ते साफ करणं कोणाचं काम, हे कुठेच लिहिलेलं नाही. पाच, मशीनरूमचा उंबरठा गच्चीच्या फरशीला टेकलेला आहे. या पाचांत मामांचं नाव नाही. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आणि ज्याला शिक्षा झाली त्याने काय सुधारलं? जुलैत जोराच्या पावसात गच्चीचं पाणी पुन्हा जिन्यात उतरलं, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा पंप बंदच होता. पानं तशीच होती. पगार कापून पानं निघत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी हे आजोबांना सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. आजोबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्याकडे ड्रायव्हर डेपोत गाडी लावताना बिघाड लिहून द्यायचा. ब्रेक खेचतोय, गाडी डावीकडे ओढतेय. लिहिणाऱ्यावर कोणी ओरडलं, की दुसऱ्या दिवसापासून लिहिणं बंद. मग तो बिघाड घाटात कळतो." नंतर म्हणाले, "आता तू सांग. मी पहिल्या रांगेत बसतो." बसलेत बघा.

म्हणून आज सांगितलं. आई-बाबा, तुम्हाला काल रात्री सांगितलं, उशिरा सांगितलं, त्याबद्दल सॉरी. पाचव्या मजल्यावरच्या आजी, तुमची वेगळी माफी मागते, उद्या वर येते.

समितीला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मामांचा कापलेला अर्धा पगार त्यांना परत द्यावा. मी द्यायला गेले तर त्यांनी घेतला नाही, म्हणाले, "कापला समितीने, तुमचा काय संबंध?" म्हणून तो समितीनेच द्यावा आणि ती रक्कम माझ्याकडून घ्यावी. विज्ञान प्रदर्शनाचं बक्षीस आणि राखीपौर्णिमेचे पैसे मिळून पुरते, मी मोजलंय, रुपयांतच मोजलंय. आणि देताना, त्यांची चूक नव्हती, एवढं कोणीतरी मोठ्या माणसाने मोठ्याने म्हणावं. मामा आत्ता इथे नाहीत. आपण सगळे इथे असल्यामुळे त्यांना गेटवर थांबावं लागलंय. पण स्पीकरचा आवाज तिथपर्यंत जातो, मी मगाशी जाऊन ऐकून आलेय.

दुसरी विनंती, आपल्या कार्यालयात तक्रारवही आहे, तिच्या शेजारी आणखी एक वही ठेवू या. तक्रारवहीत आपण दुसऱ्याच्या चुका लिहितो. या वहीत आपापल्या लिहायच्या. लिहिणाऱ्याला कोणी काही बोलायचं नाही, फक्त दुरुस्ती करायची. वही मी आणली आहे, शंभर पानी, रेघा मी मारल्या आहेत. रकाने चार आहेत : तारीख, काय झालं, कशामुळे झालं, पुढे काय करायचं. 'कोणाची चूक' हा रकाना नाही.

पहिलं पान मी भरलंय. काय झालं : टाकी रात्रभर वाहिली, लिफ्ट नऊ दिवस बंद. कशामुळे : बारा इंचांच्या जागी बारा सेंटिमीटर लिहिले, आणि बाकी चार कारणं. पुढे काय करायचं : पावसाळ्याआधी आणि दर महिन्याला गच्चीचं तोंड साफ करायचं, त्याची पाळी लावायची, पहिली पाळी माझी. मशीनरूमचा उंबरठा चार इंच उंच करायचा. इंच, काका. मी दोनदा विचारलंय.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. ते दोन नव्हते, आणि दहा मिनिटंही नव्हती. जेवण थंड झालं असेल तर दुसऱ्या पानावर लिहीन.